रंग शेवटी लावायचा नसतो

आर्किटेक्चर शिकणाऱ्या मुलांच्या प्रकल्पांत रंग आणि पोत या गोष्टी सर्वांत शेवटी येतात. नकाशा झाला, छेद झाले, जिना बसला, गाड्यांची जागा आणि संडासांची संख्या नियमात बसली, की सबमिशनच्या आदल्या रात्री मुले म्हणतात, "चला, आता कलर आणि टेक्स्चर टाकूया." 'टाकूया' हा शब्द नीट ऐका. आमटीत मीठ टाकतात तसा तो वाटतो खरा, पण मीठ निदान शिजताना टाकतात. हा प्रकार ताट वाढून झाल्यावर वरून कोथिंबीर भुरभुरण्याचा आहे. आणि शिकवणाऱ्यांना किंवा तपासणाऱ्यांना त्यात काही वावगे वाटत नाही, ही त्याहून वाईट गोष्ट.

माझे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. निदान गोव्यात तरी भिंतीचा रंग आणि पोत हा इमारतीच्या पहिल्या निर्णयांपैकी एक असला पाहिजे. भिंत कशाची आहे, तिच्यावर पाऊस किती पडणार, तिला दरवर्षी हात कोण लावणार आणि त्याचे पैसे कोण देणार, या चार प्रश्नांची उत्तरे त्यात असतात. हे चार प्रश्न न विचारता निवडलेला रंग कागदावर कितीही खुलून दिसो, तो इमारतीचा रंग नव्हे.

आता तुम्ही म्हणाल, हे सांगणारे तुम्ही कोण? प्रश्न रास्त आहे. मी आर्किटेक्ट नाही. मराठी घेऊन बी.ए. झालो आणि सरकारी खात्यात यूडीसी म्हणून फायली हलवतो. पण आर्किटेक्ट इमारत आखतो आणि निघून जातो. तिच्यात रांगेत उभे राहणारे, तिच्या भिंतीला पाठ टेकणारे आणि पावसाळ्यात तिच्या ओलीचा वास घेणारे आम्हीच असतो. इमारतीबद्दल बोलायला एवढा अधिकार पुरे. शिवाय माझ्या टेबलावरून इमारतींच्या फायली जातात, त्यात रंगाचे पुढे काय होते ते मी रोज पाहतो. त्याबद्दल खाली येतोच.

आधी रंग कसा निवडला जातो ते पाहू. माझी भाची आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे. तिच्यामुळे ही सगळी पद्धत जवळून पाहायला मिळाली. संगणकावर इमारतीचा सांगाडा उभा असतो, पांढरा, कागदी. बाजूला एक पेटी असते. तीत लाकूड, वीट, दगड, गवत, पाणी सगळे चौकोनी तुकड्यांत तयार. बादलीच्या चिन्हावर टिचकी मारायची, मग भिंतीवर टिचकी मारायची, की भिंत विटेची झाली. आवडली नाही तर दगडाची. पुन्हा टिचकी, काँक्रीटची. भिंतीची जाडी तीच, तिच्यावरचे छप्पर तेच, खिडकीचा माथा तोच. वीट दगड झाली तरी भिंतीला त्याची गंधवार्ता नसते. आणि जरा निरखून पाहिले तर तोच डाग, तोच टवका दर दीड मीटरवर पुन्हा पुन्हा येतो, भेटवस्तूच्या कागदावरच्या फुलांसारखा. याला पोत म्हणायचे?

पोत हा शब्द आपण कापडासाठी वापरतो. बोटांच्या चिमटीत धरून पाहतो तो पोत. मातीलाही पोत असतो, शेतकरी मूठभर माती उचलून तो पाहतो. डोळ्यांनी नुसता पाहायचा पोत ही कल्पना आपल्या भाषेत बसतच नाही.

रंगांच्या नावांचीही तीच कथा. रंगाच्या कंपन्यांची पुस्तके घेऊन मुले बसतात आणि कुठल्या तरी वाळवंटाची, कुठल्या तरी धुक्याची, कुठल्या तरी कॉफीची नावे वाचतात. मी भाचीला सहज विचारले, यातला अबोली कोणता? आमसुली कोणता? विटकरी, राखी, डाळिंबी, मोतिया, शेवाळी, पारव्याच्या मानेचा, सुपारीचा? ती हसली आणि म्हणाली, "मामा, हे साड्यांचे रंग झाले." मला हसू आले नाही. साडी घेताना आपल्या आयांना पन्नास छटा नावानिशी ओळखता येत होत्या, आणि त्यातली प्रत्येक छटा अंगणातल्या, स्वयंपाकघरातल्या किंवा झाडावरच्या एखाद्या वस्तूची होती. ती वस्तू ओली झाल्यावर कशी दिसते, सुकल्यावर कशी दिसते, हे नाव घेणाऱ्याला ठाऊक असे. आमसूल जुने झाले की कसे काळवंडते ते तिला माहीत होते. वाळवंटाच्या नावाची छटा आपल्या आषाढात कशी दिसेल हे कुणाला माहीत आहे?

आता मूळ तक्रारीकडे येतो. भाचीचा या वर्षीचा प्रकल्प फोंडा तालुक्यातल्या एका गावासाठी वाचनालयाचा होता, आणि त्याला जोडून भजन-नाटकांसाठी एक मंडप. चिऱ्याचे जोते, चुन्याने रंगवलेल्या जाड भिंती, काव मिसळलेल्या लाल सिमेंटची जमीन, मंगळुरी कौलांचे चांगले मीटरभर पुढे आलेले छप्पर. तिने गावातली घरे मोजून, हात लावून, म्हाताऱ्यांशी बोलून हे ठरवले होते. ज्युरीला बाहेरून आलेल्या एका परीक्षकांनी शीट पाहिल्या आणि म्हणाले, "प्लॅन चांगला आहे, पण गोवन वाटत नाही. थोडा गोवन टच दे. रंग घाल."

हे ऐकून मी थक्क झालो. ज्या भिंतीत, जमिनीत आणि छपरात त्या गावाबाहेरचे जवळजवळ काही नव्हते, ते 'गोवन' वाटत नाही! मग गोवन काय? ते सगळ्यांना पाठ आहे. एक भिंत जांभळी किंवा गडद निळी. शेजारची आंब्याच्या रसासारखी पिवळी. खिडक्यांभोवती पांढरी पट्टी. दाराशी निळ्या-पांढऱ्या अझुलेजूच्या फरशीवर नाव. शिंपल्यांची खिडकी, म्हणजे शिंपल्यांचे छायाचित्र. आणि एका कोपऱ्यात उघडा चिरा, तोही भिंत तोलणारा नव्हे, बोटभर जाडीची काप करून सिमेंटच्या भिंतीवर चिकटवलेला. झाले गोवन.

हा गोवा कुणाचा? यात फोंडा नाही, पेडणे नाही, सत्तरी नाही, काणकोण नाही. शेणाने सारवलेली ओसरी नाही, राजांगण नाही, तुळशीवृंदावन नाही, दीपस्तंभ नाही, तांबडी सुर्लाच्या महादेवाचा काळा दगड नाही. पण कृपा करून याचा अर्थ हिंदू घर विरुद्ध ख्रिस्ती घर असा कुणी लावू नये. या टचमध्ये सासष्टीतल्या ख्रिस्ती घराचाही तितकाच अपमान आहे. तिथल्या बल्कांवाचे प्रमाण, जाड भिंतीत खोल बसलेली खिडकी, तिच्यातून येणारा मवाळ उजेड यातले काहीही या टचमध्ये येत नाही. येतो फक्त रंगाचा डबा. आणि अझुलेजूचे म्हणाल तर पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात १९३५ सालचे, जॉर्ज कोलासोच्या हातचे भव्य अझुलेजू आहेत, ते जरूर जाऊन पाहावेत. ते तिथे एक काव्यकथा सांगतात. त्यावरून प्रत्येक खेड्यातल्या वाचनालयाच्या दारावर तसली फरशी यावी असे कसे ठरले?

बरे, ज्या फोंतेन्हासच्या जिवावर हे सगळे चालते, त्या फोंतेन्हासचे जुने रंग तरी असे होते का? जुन्या भिंतींवर रंग म्हणजे चुना. शिंपले भाजून केलेला, पाण्यात मुरवलेला. त्यात पिवळा हवा तर पिवडी, तांबडा हवा तर काव, निळा हवा तर नीळ. पण चुन्याच्या पोटात रंग मावायला मर्यादा असते. प्रमाणाबाहेर घातला तर तो धरत नाही, हाताला लागतो, पहिल्या पावसात वाहून जातो. त्यामुळे जुन्या घरांचे रंग दुधाळ, फिके, उन्हात मऊ पडणारे. तो संयम कुणा कलावंताच्या अभिरुचीतून आलेला नव्हता, तो चुन्याच्या स्वभावातून आला होता. चवथीला, दिवाळीला, फेस्ताला नवा हात मारला जाई. थरावर थर चढत. कडा गोल होत. त्या भिंतीवरून हात फिरवला तर जो खडबडीत मऊपणा लागतो, तो या साठलेल्या वर्षांचा असतो. आज तिथेच डब्यातल्या ॲक्रिलिकने जे झगझगीत निळे-जांभळे फासले जाते ते छायाचित्रासाठी ठीक आहे. विद्यार्थी मात्र ते छायाचित्र आणतो, त्यातून संगणकावर रंग उचलतो आणि त्याला वारसा म्हणतो.

उघड्या चिऱ्याची गोष्ट याहून मोठी आहे. मुलांच्या शीटवर 'लॅटेराइट टेक्स्चर'साठी हमखास येणारे छायाचित्र म्हणजे जुन्या गोव्याची बॉम जेजूस बॅसिलिका. तो तांबूस, सच्छिद्र, रांगडा दगड पाहून कुणीही भुलेल. पण ती वास्तू तशी नव्हती. तिचे काम १५९४ मध्ये सुरू झाले आणि १६०५ मध्ये ती वाहिली गेली, तेव्हा चिऱ्याच्या भिंतींवर चुन्याचा गिलावा होता, आणि साडेतीन शतके तो होता. १९५० च्या दशकात बाल्तझार कास्त्रो या पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञाच्या देखरेखीखाली तो गिलावा काढून टाकण्यात आला. दगड उघडा दिसला की वास्तू अधिक प्राचीन, अधिक भारदस्त वाटेल, ही त्यामागची आवड. म्हणजे आपल्याकडचा सर्वांत प्रसिद्ध 'टेक्स्चर'चा निर्णय! परिणाम काय? चिरा सच्छिद्र, पाणी पिणारा. तेव्हापासून प्रत्येक पावसाळा तो दगड खातो आहे. १९८६ मध्ये जुन्या गोव्याची चर्चे जागतिक वारशाच्या यादीत आली. २०२० मध्ये खुद्द बॅसिलिकाच्या रेक्टरनी गिलावा पुन्हा करा अशी जाहीर मागणी केली. आणि आमच्या मुलांना वर्गात तीच भिंत आदर्श पोत म्हणून दाखवली जाते.

याचा अर्थ चिरा कधी उघडा ठेवूच नये असा नाही. जोते, कुंपण, विहिरीचा काठ, पायऱ्या इथे आपल्या लोकांनी तो उघडाच ठेवला. चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, हवेत राहून कठीण होतो. बुकाननने केरळात अंगाडिपुरम येथे तो पाहिला आणि विटेसारखा कापता येतो म्हणून विटेच्या लॅटिन शब्दावरून १८०७ मध्ये त्याला लॅटेराइट नाव दिले. जिथे पाणी लागून निथळून जाईल, किंवा वर रुंद पागोळी असेल, तिथे उघडा चिरा शोभतो आणि टिकतो. जिथे चार महिने तिरका पाऊस झोडपणार तिथे त्याला चुन्याचे पांघरूण लागते. म्हणजे पोताचा प्रश्न अखेर छपराच्या लांबीचा प्रश्न झाला. छप्पर आखून झाल्यावर आदल्या रात्री तो कसा सुटणार? सपाट छपराच्या, पागोळी नसलेल्या इमारतीवर चिऱ्याची काप चिकटवणाऱ्या विद्यार्थ्याला एवढाच प्रश्न विचारा: "तिसऱ्या पावसाळ्यानंतरचे चित्र काढून दाखव." काळे ओघळ आणि हिरवे शेवाळ असलेले चित्र मी अजून एकाही शीटवर पाहिलेले नाही. पणजीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण विद्यार्थ्यांच्या चित्रात आकाश नेहमी निळे असते.

केवळ परीक्षकांना दोष देऊन आपण सुटत नाही. आपल्याच देवळांचे आपण काय केले? कावी कला म्हणून जी आहे, ती गोव्यापासून गोकर्ण-कुमठ्यापर्यंतच्या किनाऱ्याची खास विद्या. शिंपल्यांचा चुना, धुतलेली रेती आणि गूळ यांचा गिलावा कुटून, मुरवून भिंतीवर चढवायचा. त्यावर कावेचा तांबडा थर. आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा वर काढायचा. वेली, हत्ती, दशावतार, जाळीची नक्षी, सगळे दोन रंगांत. इथे रंग म्हणजे वरून फासलेला लेप नाही, त्याला जाडी आहे. इथे रंग आणि पोत एकाच हाताने, एकाच वेळी होतात. पहिल्या वर्षाच्या मुलांना 'कलर' आणि 'टेक्स्चर' असे दोन वेगळे धडे देण्याऐवजी एक हातभर कावी करायला लावली, तर सहा महिन्यांचा अभ्यास आठ दिवसांत होईल. होन्नावरचे डॉ. कृष्णानंद कामत यांनी या कलेच्या नोंदी गावोगाव फिरून केल्या, नाहीतर पुष्कळ ठिकाणी ती होती हेदेखील आज कळले नसते. कारण आपण जीर्णोद्धार म्हणून ती खरवडली आणि वर चकचकीत फरशी बसवली. पुसायला सोपी म्हणे. देवस्थानांच्या समित्यांवर बसलेले आपलेच काका-मामा आहेत. त्यांच्या मनातली 'स्वच्छ, गुळगुळीत, चकचकीत म्हणजे चांगले' ही समजूत आणि परीक्षकाच्या मनातली 'जांभळे म्हणजे गोवन' ही समजूत एकाच झाडाची फळे आहेत. दोघांनाही भिंत कशाची आहे याच्याशी देणेघेणे नाही.

यावर मुलांकडून आणि त्यांच्या शिक्षकांकडून जे आक्षेप येतात ते मी ऐकले आहेत.

पहिला आक्षेप: हे स्मरणरंजन आहे, जग पुढे गेले. मी जुन्याचा भाट नाही. काँक्रीटलाही पोत असतो. साच्याच्या फळ्यांची रेघ त्यावर उमटते, आणि ती रेघ कशी उमटावी हे ठरवणारा विद्यार्थी माझ्या दृष्टीने चुन्याच्या विद्यार्थ्याइतकाच शहाणा. रंग भडक असू नये असेही माझे म्हणणे नाही. चार्ल्स कुरैय्या यांनी दोना पावलाच्या सिदाद द गोवा हॉटेलात भिंतींवर खोट्या खिडक्या, खोटी दारे, खोटी माणसे रंगवून घेतली. कला अकादमीच्या नाट्यगृहात मारियो मिरांडांनी रंगवलेले सज्जे आणि त्यांत बसलेले प्रेक्षक आपण सर्वांनी पाहिले आहेत. तो रंगाचा खेळच आहे, धडधडीत फसवणूक. पण नाट्यगृह ही फसवणुकीचीच जागा, आणि खेळ तिथे इमारतीच्या कल्पनेतून आला आहे. मेक्सिकोच्या लुईस बारागानच्या गुलाबी भिंतींवर मुले भाळतात, तेही मला समजते. पण तो आपल्या बालपणीच्या खेड्यांतून ते रंग घेऊन आला होता. आपण त्याच्या पुस्तकातून घेतो. आपल्या खेड्यात जायला कुणी अडवले होते?

दुसरा आक्षेप: चुना आज कोण करतो? गवंडी कुठे आहेत? दरवर्षी रंग कोण लावणार? हा आक्षेप खरा आहे. पण मग चुना बाद करताना हेच प्रश्न ॲक्रिलिकलाही विचारा. सिमेंटच्या गिलाव्यावर रबरासारखा रंग चढवला की आतली ओल बाहेर पडत नाही, फुगे येतात, पापुद्रे सुटतात, आणि मग नुसता हात मारून भागत नाही, खरवडावे लागते. चुन्याची भिंत दरवर्षी थोडे मागते, ही पाच वर्षांनी एकदम मागते. यातले कोणते परवडेल हे गावाच्या वाचनालयासाठी वेगळे आणि मोठ्या हॉटेलासाठी वेगळे. हा हिशेब मांडणे हेच तर शिक्षण.

तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: चिऱ्यासाठी डोंगर कापले जातात, खाणींचे खड्डे तसेच राहतात, आणि तुम्ही चिरा चिरा करता. मान्य. म्हणूनच बोटभर काप चिकटवण्याच्या हौसेसाठी डोंगर कापणे मला गुन्हा वाटतो. जोत्याला लागेल तेवढाच घ्या. शिंपल्यांच्या खिडक्यांचेही तेच. त्या शिंपल्याला आज कायद्याचे संरक्षण आहे, नव्या इमारतीसाठी तो कुणी मागूही नये. पण ती खिडकी काय करत होती? कडक ऊन गाळून आत मोतिया उजेड आणत होती. तो उजेड दुसऱ्या कशातून आणता येईल याचा शोध घेणारा विद्यार्थी शिंपल्यांचे छायाचित्र चिकटवणाऱ्यापेक्षा शंभर पटींनी अधिक गोवन आहे.

आणि चौथा, सर्वांत लाडका आक्षेप: हा तर विद्यार्थ्यांचा प्रकल्प, तो कुठे बांधायचा आहे? इथेच माझे कारकुनी ज्ञान उपयोगी पडते. खऱ्या सरकारी इमारतीचा रंग कसा ठरतो ते ऐका. अंदाजपत्रकात दरसूचीतले एक कलम असते: बाहेरच्या भिंतीस रंगाचे दोन किंवा अधिक हात, मंजूर छटेत, चौरस मीटरला अमुक दर. मंजूर छटा कोणती, हे कुठेच लिहिलेले नसते. कंत्राटदार छटांचे पुस्तक घेऊन येतो, साहेब बैठकीच्या घाईत असतात, कुणीतरी एका चौकोनावर बोट ठेवतो, आणि पुढची दहा वर्षे एक अख्खे गाव त्या रंगाकडे बघत बसते. आर्किटेक्टने त्या वेळी तोंड उघडायचे तर त्याच्याकडे कारण हवे. "दिसायला बरे" हे कारण नव्हे, त्यावर साहेबांची आवड नेहमीच वरचढ ठरते. "पश्चिमेच्या भिंतीवर पाऊस झोडपतो, इथे चुना ठेवला तर भिंत श्वास घेईल, अमुक वर्षांत अमुक खर्च वाचेल," असे म्हणणारा आर्किटेक्ट त्या टेबलावर टिकतो. खासगीत तर बिल्डरचे माहितीपत्रकच रंग ठरवते. दिल्ली-मुंबईच्या गिऱ्हाइकाला जांभळा गोवा हवा, तर जांभळा.

म्हणजे कॉलेजची पाच वर्षे हीच या मुलांच्या आयुष्यातली एकमेव मोकळीक. तिथे दरसूची नाही, कंत्राटदार नाही, गिऱ्हाईक नाही. रंग आणि पोत कारणांसह निवडायला शिकण्याची तेवढीच एक संधी. आणि तिथेच परीक्षक जर गिऱ्हाइकासारखा "थोडा टच दे" म्हणू लागला, तर कारण देण्याची सवय लागणार कुठे? प्रकल्प बांधला जात नाही हे खरे, पण त्या प्रकल्पात विद्यार्थी घडत असतो, आणि पुढे तो खरोखर बांधतो.

मग करावे काय? कला शाखेच्या माणसाने आर्किटेक्टना गृहपाठ द्यावा हा उद्धटपणा, तरी देतो. प्रकल्पाची जागा एकदा जुलैत पाहावी, एकदा एप्रिलमध्ये. शेजारच्या पाच भिंती हाताने चाचपाव्यात आणि त्यांचा काळेपणा कुठून सुरू होतो ते टिपावे. संगणक उघडण्याआधी चुना, काव, पिवडी, नीळ आणून तळहाताएवढे वीस नमुने करावेत आणि ते खिडकीबाहेर पावसात ठेवावेत. जे टिकतील त्यांतून निवड करावी. भिंतीचा छेद आणि भिंतीचा रंग एकाच कागदावर, एकाच आठवड्यात काढावा. शीटच्या कोपऱ्यात एका ओळीत लिहावे: हा रंग कोण लावेल, किती वर्षांनी लावेल. आणि रंगाला आपल्या भाषेत, मराठीत म्हणा की कोकणीत, एक नाव द्यावे. ज्या रंगाला आपल्याकडे नाव सापडत नाही, तो इथे का हवा याचे एक जास्तीचे कारण द्यावे लागेल असा नियम ठेवला तर मुले निदान विचारात तरी पडतील.

परीक्षकांकडे मागणी एकच. 'गोवन' हा शब्द ज्युरीत वापरायचा असेल तर तालुका सांगा, भिंत सांगा, महिना सांगा. कुठल्या गावची, कशाची आणि कुठल्या ऋतूतली भिंत तुमच्या डोळ्यांपुढे आहे ते मुलाला कळू द्या. हे सांगता येत नसेल तर तो शब्द पर्यटन खात्याच्या जाहिरातींसाठी ठेवावा.

भाचीने रंग घातला नाही. तिने त्या शीटला फोंड्यातल्या तीन भिंतींचे नमुने, खरे, चुन्याचे, पुठ्ठ्यावर लावून जोडले. गुण कमी पडले, मामा म्हणून मला वाईट वाटले. पण तिने मांडलेली कारणे एकाही परीक्षकाने खोडली नाहीत. उद्या एखाद्या टेबलावर 'मंजूर छटा' ठरत असताना तीच कारणे तिला तोंडपाठ असतील. तशी पन्नास मुले दरवर्षी बाहेर पडली तर दरसूचीतले ते एक कलम बदलायला किती वर्षे लागतील, याचा हिशेब मी कारकून म्हणून आनंदाने मांडून देईन.